साडेआठ सेंटीमीटरची अ‍ॅड्रिनलची गाठ: रोबोट की दुर्बीण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईंचं वय ५४. पोट फुगतं म्हणून कराडला सोनोग्राफी केली, त्यात उजव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर गाठ दिसली, सीटीत ती ८.५ सेंटीमीटरची निघाली. कोल्हापूरचे सर्जन म्हणतात दुर्बिणीतून काढू. पुण्याचे म्हणतात एवढी मोठी गाठ रोबोटनेच काढलेली बरी. दोन्ही एस्टिमेटमध्ये सव्वादोन लाखांचा फरक आहे, आणि एवढे जादा पैसे भरून आईला खरंच काही फायदा आहे का, हे तुम्हाला एका ओळीत हवंय.

एका ओळीत सांगता येईल, पण आज सांगितलं तर ते घाईचं होईल. तुम्ही लिहिलेल्यातल्या तीन गोष्टींवर माझी नजर अडकली, आणि तिन्हींचा रोबोटशी काही संबंध नाही. एक, सीटी रिपोर्टमध्ये रंग न देता काढलेल्या फोटोत गाठीची घनता ३८ एचयू (हाउन्सफिल्ड युनिट, सीटीतलं घनतेचं माप) लिहिली आहे. दोन, आईंना अधूनमधून दरदरून घाम येतो, धडधडतं, आणि ते पाळी गेल्यामुळे असेल म्हणून सोडून दिलंय. तीन, बीपीच्या दोन गोळ्यांपैकी एक मेटोप्रोलॉल आहे. आणि एवढ्या मोठ्या मजकुरात हार्मोनच्या तपासण्यांचा उल्लेख कुठेच नाही. केल्या असतील आणि लिहायच्या राहिल्या असतील तर उत्तमच. केल्या नसतील, तर कुठल्याही सर्जनने तारीख देण्याआधी त्या व्हायला हव्यात.

कारण अ‍ॅड्रिनल, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी, ही दिसायला चार-पाच ग्रॅमची असली तरी रसायनांचा कारखाना आहे. तिच्यातली गाठ काय बनवते यावर ऑपरेशनची निम्मी जोखीम ठरते. घाम, धडधड आणि बीपी हे त्रिकूट ऐकलं की आमच्या डोक्यात पहिला शब्द येतो फिओक्रोमोसायटोमा. आपसात आम्ही नुसतं फिओ म्हणतो. ही गाठ अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची द्रव्यं रक्तात सोडते. त्याची कल्पना नसताना पोटात हात घातला, गाठ नुसती दाबली गेली, तरी बीपी अडीचशेच्या वर जाऊ शकतं. गाठीची शीर बंद केली की तेच बीपी खड्ड्यात पडतं. हे आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ दोन्हीची तयारी ठेवून बसतात. माहीत नसेल तर टेबलावर जे होतं, त्यात हातात दुर्बीण आहे की रोबोट याने काहीही फरक पडत नाही.

तेव्हा प्लाझ्मा फ्री मेटानेफ्रिन किंवा २४ तासांच्या लघवीतली मेटानेफ्रिन (फिओच्या द्रव्यांपासून शरीरात बनणारी रसायनं), ही पहिली तपासणी. दुसरी, रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी आणि सकाळी कॉर्टिसॉल, तो १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली उतरला नाही तर गाठ स्वतःहून स्टेरॉइड बनवते आहे असा संशय. अशा पेशंटची दुसऱ्या बाजूची ग्रंथी आळसावलेली असते, त्यामुळे ऑपरेशननंतर बाहेरून हायड्रोकॉर्टिसोन द्यावं लागतं. ते विसरलं तर छान झालेल्या ऑपरेशननंतर पेशंट तिसऱ्या दिवशी कोसळतो. बीपी असल्यामुळे अल्डोस्टेरॉन (मीठ धरून बीपी वाढवणारं हार्मोन), रेनिन आणि पोटॅशियम. आणि गाठ एवढी मोठी म्हणून डीएचईए-एस, याच ग्रंथीचं एक हार्मोन, जे तिच्या कर्करोगात वाढू शकतं. मेटानेफ्रिनचा रिपोर्ट हातात येईपर्यंत कुणी सुई घालून तुकडा काढू या म्हणालं, तर नम्रपणे नाही म्हणा. फिओत सुई घालणं म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्याला काठी लावणं.

मेटोप्रोलॉलबद्दल नीट वाचा. फिओ असेल आणि आधी अल्फा ब्लॉकर (आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) न देता नुसता मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) चालू असेल, तर बीपी उलट उसळू शकतं. याचा अर्थ गोळी आजच बंद करा असा नाही. अचानक बंद करण्याचेही स्वतःचे धोके आहेत. अर्थ एवढाच, की उद्या सकाळी तुमच्या फिजिशियनना फोन करून अ‍ॅड्रिनलची गाठ सापडल्याचं सांगा आणि गोळ्यांचा निर्णय त्यांना घेऊ द्या. फिओ ठरलाच तर आपल्याकडे बहुधा प्राझोसिन हा अल्फा ब्लॉकर वापरतात: किमान ७ ते १४ दिवस, सोबत मीठ आणि पाणी भरपूर. (बीपीच्या पेशंटला मीठ वाढवा म्हटलं की घरचे माझ्याकडे संशयाने बघतात. पण या आजारात रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, आत द्रव कमी असतो, तो भरून काढायचा असतो.) बसून बीपी १३०/८० च्या आत आणि उभं राहिल्यावर वरचा आकडा ९० च्या खाली नाही, इथवर आणल्यावरच बीटा ब्लॉकर लागला तर द्यायचा, आणि मग ऑपरेशन.

आता ३८ एचयू. साध्या सीटीत गाठ एकसारखी दिसत असेल आणि घनता १० किंवा त्याखाली असेल, तर ती चरबीने भरलेली निरुपद्रवी गाठ मानतात, आकार काहीही असो. ३८ म्हणजे ती सवलत नाही. मग उरतात फिओ, चरबी नसलेली साधी गाठ, दुसरीकडून आलेला कर्करोग, आणि खुद्द अ‍ॅड्रिनलच्या कवचाचा कर्करोग. (दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सुजलेल्या असत्या तर मी आधी टीबी आणि हिस्टोप्लाज्मोसिस शोधला असता. आपल्या देशात तो विचार करावाच लागतो, आणि त्याला सुरी नाही, औषध लागतं.) अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या २००२ च्या परिषदेने योगायोगाने सापडणाऱ्या गाठींसाठी मांडलेले आकडे आजही सगळे सांगतात: ४ सेंटीमीटरपर्यंत कवचाच्या कर्करोगाची शक्यता सुमारे २ टक्के, ४ ते ६ मध्ये ६ टक्के, ६ च्या वर २५ टक्के. म्हणजे आईंच्या आकाराच्या चार गाठींतल्या तीन कर्करोग नसतात. पण चौथीसाठी पहिल्या ऑपरेशनला चूक परवडत नाही.

ही गाठ कर्करोगाची असेल तर ती अख्खी, आवरणासकट, भोवतीच्या चरबीसकट, एका तुकड्यात बाहेर यायला हवी. आवरण फाटलं की पेशी पोटात सांडतात, आणि मग कुठलंही औषध ते पूर्णपणे निस्तरू शकत नाही. म्हणूनच कर्करोगाचा दाट संशय असेल आणि गाठ ६ सेंटीमीटरहून मोठी किंवा आजूबाजूला शिरलेली असेल, तर युरोपातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना आजही सरळ ओपन ऑपरेशनकडे झुकतात. मी स्वतःही झुकतो. तुमच्यासमोर दोन पर्याय ठेवले गेलेत, प्रत्यक्षात ते तीन आहेत. तिसऱ्याचं नाव कुणी काढलं नाही, कारण आजकाल मोठा छेद म्हटलं की पेशंट दुसरा डॉक्टर शोधतो, हे आम्हालाही माहीत आहे.

इथे माझी एक चूक सांगतो. मला स्वतंत्रपणे काम सुरू करून पाच-सहा वर्षं झाली होती, हात बऱ्यापैकी बसला होता. डाव्या बाजूची ९ सेंटीमीटरची गाठ, फिओ, तयारी उत्तम झालेली. दुर्बिणीतून सुरू केलं. दोन तासांनी लक्षात आलं की गाठीची मागची बाजू दिसतच नाहीये, मी तिला नुसता ढकलतोय. तेव्हाच थांबून छेद घ्यायला हवा होता. मी आणखी पाऊण तास ताणलं, कारण बाहेर नातेवाइकांना "चार छोटी भोकं" असं सांगून आलो होतो. आवरण एका जागी फाटलं. मग ओपन केलं, गाठ निघाली, पेशंट घरी गेले. पण फिओच्या सांडलेल्या पेशी वर्षांनंतरही उगवू शकतात, म्हणून ते आजतागायत दरवर्षी तपासणीला येतात. सुदैवाने अजून काही नाही. दर वर्षी त्यांची फाइल उघडताना मला ती पंचेचाळीस मिनिटं आठवतात. तेव्हापासून मी संमतीपत्रावर सही घेताना ओपनची शक्यता आधी सांगतो आणि दुर्बीण नंतर.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. तपासण्या झाल्या, गाठ आजूबाजूला शिरलेली नाही, कर्करोगाचा संशय फार नाही, असं धरून चालू.

दुर्बिणीतून अ‍ॅड्रिनल काढणं १९९२ पासून चालू आहे. मॉन्ट्रियलच्या मिशेल गॅनिए यांनी ते पहिल्यांदा प्रसिद्ध केलं, आणि लहान गाठींसाठी तो वाद तिथेच मिटला. मोठ्या गाठींसाठी अडचण वेगळी आहे. दुर्बिणीची अवजारं म्हणजे लांब सरळ काड्या. पोटाच्या भिंतीवर टेकून त्या तरफेसारख्या चालतात, हात वर गेला की टोक खाली. लहान गाठीभोवती हे भागतं. मोठी गाठ म्हणजे खोलीत मावत नसलेलं कपाट. त्याच्या मागे सरळ काडी पोहोचत नाही, वळावं लागतं. रोबोटच्या अवजाराला टोकाशी मनगट असतं, ते वळतं. चित्र त्रिमितीय आणि मोठं दिसतं, कॅमेरा मी स्वतः धरल्यासारखा स्थिर राहतो, हाताचा बारीक कंप गाळला जातो. (आणि नाही, रोबोट स्वतः काही करत नाही. एका आजींनी मला विचारलं होतं, "मग तुम्ही तेव्हा कुठं असणार?" मी त्याच खोलीत, चार पावलांवर, कन्सोलमध्ये, म्हणजे यंत्र चालवायच्या खोक्यात, डोकं घालून बसलेला असतो.)

आईंची गाठ उजवीकडे आहे, आणि इथे रोबोटचं पारडं थोडं जड होतं. डावीकडची अ‍ॅड्रिनलची शीर लांब असते, मूत्रपिंडाच्या शिरेत उतरते, क्लिप लावायला जागा मिळते. उजवीकडची जेमतेम सेंटीमीटरभर, आणि ती सरळ महाशिरेत, म्हणजे पोटातल्या सगळ्यात मोठ्या निळ्या नळीत, मागच्या अंगाने शिरते. वर यकृत झाकण घालून बसलेलं. गाठ मोठी झाली की ती महाशिरेच्या मागे सरकते. पुस्तकात लिहिलेलं असतं, आधी शीर बांधा मग गाठ सोडवा. ८ सेंटीमीटरच्या गाठीत बऱ्याचदा शीर शेवटीच दिसते, तोवर चहूबाजूंनी फुटलेल्या नव्या बारीक रक्तवाहिन्या एकेक करून हाताळाव्या लागतात. या कोपऱ्यात वळणारं अवजार मला खरोखर आवडतं. पेशंट जाड असेल, आधी पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल, किंवा ग्रंथीचा काही भाग वाचवायचा असेल, तेव्हाही.

आवडतं हे माझं मत झालं. पुरावा बघितला तर तो माझ्या आवडीइतका ठाम नाही. इटलीत तुरीनला २००४ मध्ये चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेत दोन्हीकडे १०-१० पेशंट होते. रोबोटला सरासरी १६९ मिनिटं लागली, दुर्बिणीला ११५, आणि रोबोटचा खर्चही जास्त. ते यंत्र पहिल्या पिढीचं होतं, हे खरं. २०१२ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकने फक्त ५ सेंटीमीटरहून मोठ्या गाठींची तुलना मांडली, २४ रोबोटिक आणि ३८ दुर्बिणीच्या. तिथे चित्र उलटं: रोबोटला १५९ मिनिटं, दुर्बिणीला १८७, मधेच ओपन करावं लागण्याचं प्रमाण ४ टक्के आणि ११ टक्के. टक्केवारी ऐकायला मोठी वाटते, माणसांत मोजली तर एक पेशंट आणि चार पेशंट. शिवाय इथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. कुणाला काय करायचं ते सर्जननी ठरवलं होतं. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून बघितल्यावरही साधारण हेच उरतं: रोबोटमध्ये रक्त थोडं कमी जातं, मुक्काम थोडा कमी होतो, मोठ्या गुंतागुंतींत ठळक फरक दिसत नाही. तो "थोडा कमी मुक्काम" म्हणजे बऱ्याच ठिकाणी अर्धा दिवस. अर्ध्या दिवसासाठी सव्वादोन लाख मी माझ्या आईसाठी भरले नसते. महाशिरेच्या मागच्या कोपऱ्यासाठी कदाचित भरले असते, ते सीटीचे फोटो बघून ठरवलं असतं.

रोबोटच्या दोन उण्या बाजूही ऐका, त्या सहसा माहितीपत्रकात नसतात. पहिली, स्पर्श. बहुतेक यंत्रांत सर्जनला ताण हाताला जाणवत नाही, डोळ्यांनी अंदाज घ्यावा लागतो. अगदी नव्या मॉडेलमध्ये जोर जाणवण्याची सोय आली आहे, पण ती सगळीकडे नाही. नाजूक आवरणाची मोठी गाठ यंत्राच्या हाताने ओढताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. दुसरी, महाशिरेतून रक्त उसळलं तर. दुर्बिणीत मी पेशंटच्या शेजारी, निर्जंतुक हातमोज्यांत उभा असतो. रोबोटमध्ये कन्सोलवरून उठून, हात धुऊन, गाऊन घालेपर्यंत आणि यंत्राचे हात सुटेपर्यंत सगळी मदार शेजारी उभ्या असिस्टंटवर असते. म्हणून रोबोटच्या खोलीत मला दुसरा कसलेला सर्जन टेबलाशी लागतो, शिकाऊ डॉक्टर नाही. तुम्ही पुण्यात हा प्रश्न जरूर विचारा: टेबलाशी कोण असणार?

आणि छोट्या भोकांबद्दल. गाठ ८.५ सेंटीमीटरची. ती पोटात पिशवीत घालून अख्खी बाहेर काढायची, कुस्करायची नाही, कारण पॅथॉलॉजिस्टला ती अख्खी हवी. म्हणजे शेवटी सहा-सात सेंटीमीटरचा एक छेद दोन्ही पद्धतींत लागणारच. तो ओटीपोटात खाली घेतला तर दिसत नाही आणि दुखतोही कमी, पण लागतो. जखमांच्या लांबीवर रोबोट आणि दुर्बीण यांच्यात निवड करण्यात अर्थ नाही. (पाठीच्या बाजूने जाण्याचीही एक पद्धत आहे, जर्मनीत एसेनच्या मार्टिन वाल्ट्स यांनी नावारूपाला आणलेली. लहान गाठींसाठी सुंदर. पण तिथे जागाच मुळात कमी, आईंच्या गाठीसाठी ती नको.)

मग ठरवायचं कशावर? माझ्या मते यंत्राआधी हात. युरोपीय सूचनांमध्ये या कर्करोगाच्या संशयासाठी सर्जनने वर्षाला किमान ६, शक्यतो २० च्या वर अ‍ॅड्रिनलची ऑपरेशनं केलेली असावीत असं म्हटलंय. आपल्याकडे २० चा आकडा फार थोड्यांचा असेल, पण विचारायला हरकत नाही. दोघांनाही विचारा: वर्षाला अ‍ॅड्रिनल किती काढता, त्यांतल्या ६ सेंटीमीटरच्या वरच्या किती, आणि किती वेळा मधेच ओपन करावं लागलं? शेवटच्या प्रश्नाला "कधीच नाही" असं उत्तर आलं तर मी सावध होईन. एक तर मोठ्या गाठी केलेल्या नसतात, नाहीतर थांबायचं कुठे ते ठरवलेलं नसतं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून अशा पंधरा-वीस गाठी काढल्या असतील आणि पुण्यात रोबोट येऊन वर्षच झालं असेल, तर डोळे मिटून कोल्हापूर. उलट असेल तर उलट. आणि फिओ निघाला तर सर्जनइतकंच भूलतज्ज्ञ आणि आयसीयू बघा. रात्री दोन वाजता बीपी पडलं तर ते वर आणणारं नॉरअ‍ॅड्रिनलिन चालवणारं कुणी जागं आहे का, हे मला यंत्राच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पैशांचं एक. मेडिक्लेम असेल तर पॉलिसीचा कागद काढून "रोबोटिक सर्जरी" हे शब्द शोधा. विमा नियामकाने २०१९ मध्ये ज्या आधुनिक उपचारांना नुसतं वगळता येणार नाही असं सांगितलं, त्यांत रोबोटिक शस्त्रक्रिया आहे. पण कंपनीला त्यावर कमाल मर्यादा घालता येते, आणि जुन्या पॉलिसींत ती बऱ्याचदा असते. पाच लाखांची पॉलिसी आहे म्हणून निश्चिंत राहायचं आणि डिस्चार्जच्या दिवशी कळायचं की रोबोटसाठी ठरावीक रक्कमच मिळणार, असं होऊ देऊ नका. कॅशलेसची मंजुरी मागताना ऑपरेशनचा प्रकार स्पष्ट लिहून घ्या. सव्वादोन लाखांच्या फरकात किती रक्कम यंत्राच्या अवजारांची आणि किती खोलीच्या दर्जाची, तेही फोडून मागा. दोन शहरांतला फरक सगळाच रोबोटचा नसतो.

तर आजची माझी भूमिका: अजून कुठेही ॲडव्हान्स भरू नका. या आठवड्यात फिजिशियन आणि जमल्यास एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर), हार्मोनच्या तपासण्या, छातीचा सीटी. त्या साध्या निघाल्या आणि गाठीची कड सगळीकडून स्वच्छ दिसत असेल, तर दुर्बीण किंवा रोबोट, ज्याचा हात बसलेला असेल तो. गाठ महाशिरेच्या मागे बरीच गेलेली असेल तर रोबोटला माझं एक जादा मत. फिओ निघाला तर आधी दोन आठवडे तयारी, मग हाच हिशेब, फक्त आयसीयू भक्कम असलेल्या जागी. डीएचईए-एस किंवा कॉर्टिसॉल खूप वाढलेलं असेल, कड अस्पष्ट असेल, महाशिरेत काही शिरल्यासारखं दिसत असेल, तर दोन्ही एस्टिमेट बाजूला ठेवा आणि ओपन ऑपरेशन करणारा, यकृत आणि महाशिरेशी रोज काम असलेला कर्करोगाचा सर्जन गाठा.

मेटानेफ्रिनसाठी रक्त देताना आईंना आधी वीस-तीस मिनिटं शांत आडवं झोपवून मगच नमुना घ्यायला सांगा. बसवून घेतला तर आकडा खोटा वाढू शकतो. त्या आदल्या दिवसांत नैराश्याच्या, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या घेत असतील तर लॅबला आणि डॉक्टरांना आधी कळवा. रिपोर्ट आले की नुसतं "वाढलंय" असं न लिहिता आकडा आणि शेजारची नॉर्मल रेंज दोन्ही लिहा, आणि सीटीत गाठ आणि महाशिरेबद्दलचं वाक्य जसंच्या तसं उतरवा. मग रोबोट की दुर्बीण यावर एका ओळीत बोलू.